डझनभर निळे पंप

दम्याचं औषध फुप्फुसात जायला हवं, एवढं मला परीक्षेपुरतं ठाऊक होतं. प्रत्यक्षात मी ते पहिल्यांदा दिलं, तेव्हा ते बापू गुरुजींच्या मिशीवर गेलं.

दुकान टाकून चार महिने झाले होते. कॅप्सूलमधली पावडर तोंडाने ओढून घ्यायचं प्लॅस्टिकचं यंत्र तेव्हा आमच्या आटपाडीत नवं होतं. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. कलप लावलेली काळीभोर मिशी, कडक इस्त्रीचं धोतर. यंत्र कसं वापरायचं ते करून दाखवा म्हणाले. मी माहितीपत्रक सकाळीच पाठ केलेलं. यंत्रात कॅप्सूल घातली, ते करकचून पिळलं, नळी ओठांत धरली आणि ओढायच्या ऐवजी जोरात फुंकर मारली. पावडर समोर उडाली. गुरुजींची अर्धी मिशी पांढरी झाली.

गुरुजींनी रुमाल काढला, मिशी पुसली आणि वर्गात म्हणत असतील त्याच आवाजात म्हणाले, "ओढणे आणि फुंकणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. पुन्हा करून दाखवा."

मी हात सरळ ठेवून उभा राहिलो आणि पुन्हा करून दाखवलं. ते तिथून उठून दुसऱ्या दुकानात गेले असते, तर मी आज काय करत असतो कोण जाणे. पण शिक्षकाला चुकलेलं पोर सोडवत नाही. पुढची वीस-बावीस वर्षं ते माझंच गिऱ्हाईक राहिले.

तशी माझी सगळी कारकीर्दच उलट्या दिशेची. मी लोणंदचा. लोक नोकरी लागली की बायकोला घेऊन त्या गावी जातात. मी बायकोला नोकरी लागली म्हणून तिच्यामागून या गावी आलो. वैशाली वाईची. तिला इथल्या शाळेत नेमणूक मिळाली, आणि माझ्याकडे औषधशास्त्राची पदविका होती, म्हणून मेडिकल टाकलं. शाळेला सुट्टी असली की ती गल्ल्यावर बसते. त्या दिवशी गिऱ्हाईक नीट रांगेत उभं राहतं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातात धरून येतं. माझ्यापुढे मात्र लोक रिकामं पाकीट नाचवतात, "ह्यातलं द्या."

आमचा धंदा बाहेरून दिसतो तसा गोळ्या मोजून देण्याचा नाही. निम्मा वेळ समजवण्यात जातो, निम्मा समजूत काढण्यात. त्यात दम्याचं खातं सगळ्यात बोलकं. सांगली जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा भाग कोरडा, वाऱ्याला धूळ भरपूर, आणि ज्याला दमा आहे त्याचं म्हणणं ठाम की "मला दमा न्हाई, जरा कफ हाय."

दम्यात दोन गोष्टी होतात, त्या मी कागदी पिशवीवर चित्र काढून सांगतो. श्वासाच्या नळीभोवतीचे स्नायू आवळतात, ही एक. आणि नळीला आतून सूज असते, ही दुसरी. निळा पंप आवळलेलं सोडवतो. पाच-दहा मिनिटांत छाती मोकळी होते, माणूस आशीर्वाद देत घरी जातो. सुजेला मात्र तो हात लावत नाही. सूज उतरवतो तो तपकिरी पंप. त्यात थोडं स्टेरॉईड असतं, तो सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, आणि घेतल्यावर काहीच जाणवत नाही. गुण यायला दिवस लागतात. आता मला सांगा, घेतल्याबरोबर काही न होणारं औषध रोज घेईल असा माणूस आपल्याकडे किती घरांत सापडेल? तिसरा प्रकार जोडपंप. त्यात सूज उतरवणारं आणि लगेच नळी मोकळी करणारं अशी दोन्ही औषधं एकत्र. (रंगांवर फार जाऊ नका, कंपनीगणिक बदलतात. आमच्या गावात मात्र औषधाला रंगानेच ओळखतात, म्हणून मीही तसंच लिहितो.)

कोणता पंप चांगला, हा प्रश्न मला आठवड्यातून चारदा तरी विचारतात. कोणाला कोणता, ते डॉक्टरांनी ठरवायचं. पण गल्ल्यामागून जे दिसतं ते सांगतो.

बापू गुरुजी तपकिरीवाले. मिशीच्या प्रसंगानंतर त्यांनी पावडरीशी कट्टी घेतली आणि डॉक्टरांकडून पंप लिहून आणला. पंपाला पुढे प्लॅस्टिकची फुगीर नळी जोडतात. म्हणजे दाबायचं आणि ओढायचं एकाच क्षणी जमलं नाही तरी औषध वाया जात नाही. तिला स्पेसर म्हणतात. सकाळी सहाला दोन दाब, संध्याकाळी सहाला दोन दाब. स्टेरॉईडमुळे तोंड येऊ नये म्हणून नंतर खळखळून चूळ. त्यांची चूळ तीन घरं ओलांडून ऐकू जायची. शेजारची सून त्यावर दुधाला उठायची. असा माणूस असला की तपकिरी पंपासारखं दुसरं काही नाही. गुरुजींच्या खिशातला निळा पंप मुदत संपून फेकावा लागला, वापरायची वेळच आली नाही.

दुसऱ्या टोकाला आमच्या हौसाक्का. स्टँडमागे त्यांची खानावळ, दिवसभर मिरचीची फोडणी. त्यांना डॉक्टरांनी कॅप्सूल आणि यंत्र दिलं. माझ्याकडे गर्दी होती. मी म्हणालो, "आक्का, रोज दोन. कसं घ्यायचं ते डॉक्टरांनी सांगितलंय ना?" "व्हय की," म्हणाल्या आणि गेल्या. दोन महिन्यांनी पुन्हा कॅप्सूल न्यायला आल्या.

"गुण आहे का, आक्का?"

"लय गुण हाय. गिळताना जरा घशात अडकतीया, पर वरून कोमट पानी पिते."

मी हातातली गोळ्यांची पट्टी खाली ठेवली. "आणि ते यंत्र?"

"त्ये व्हय? नातवाला दिलं. शिट्टी म्हनून वाजीवतंय."

मग स्टूल टाकून त्यांना बसवलं आणि ओढायला शिकवलं. पहिल्याच झटक्याला ठसका लागला. डोळे पुसत म्हणाल्या, "पोटात गेलेलं बरं हुतं गं बाई, हे तर भांडायलाच उठलंय." पण त्या महिन्यात त्यांनी फोडणी टाकताना मागच्या दारी पळायचं सोडलं. आता बघावं तेव्हा मलाच ऐकवतात, की दोन महिनं आदीच नीट सांगितलं असतंत तर? बरोबर आहे त्यांचं. "सांगितलंय ना?" असं विचारणं म्हणजे सांगणं नव्हे.

हे झाले हसून सोडून देण्यासारखे प्रसंग. आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

आमच्या भागातली माणसं गलाईसाठी देशभर पांगलेली आहेत. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. सराफाच्या गल्लीत दहा बाय दहाची खोली, त्यात भट्टी, मूस आणि सोन्यातली भेसळ काढायला तेजाब. त्या तेजाबाची पिवळट वाफ निघते. सर्जेराव असाच एक. गाव आटपाडीपासून चार मैलांवर, दुकान कोईमतूरला. तरुणपणी आखाड्यात उतरलेला गडी. मान आणि खांदा यांत सीमारेषा नाही. वर्षातून एकदा, दिवाळीला गावी यायचा, आणि परत जायच्या आदल्या दिवशी माझ्या दुकानात. हातात कापडी पिशवी. ती गल्ल्यावर उलटी करायचा, आणि रिकाम्या निळ्या पंपांचा ढीग पडायचा.

"मालक, ह्ये असलंच. डझन."

"तिकडे मिळत नाहीत का?"

"मिळत्यात की. पर तुमच्या हातचा गुन येगळा."

यावर मी फुगायचो. चारचौघांत सांगायचो, माझा माल कोईमतूरला जातो. त्याच्याकडे एक चिठ्ठी होती, प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेली, घडीवर फाटलेली. ती लिहिणारे डॉक्टर वारून आठ वर्षं झाली होती, चिठ्ठी मात्र चालू होती. मी ती दरवर्षी हातात घ्यायचो, उघडायचो आणि परत द्यायचो. तपासणी झाली.

मधल्या काळात एकदा सांगलीला आम्हा औषधविक्रेत्यांचा मेळावा झाला. एका डॉक्टरांचं भाषण होतं. ते म्हणाले, एका माणसाला वर्षात तीनपेक्षा जास्त निळे पंप लागत असतील, तर त्याचा दमा ताब्यात नाही, त्याला मोठा झटका येऊ शकतो, त्याच्या जिवाला धोका आहे. असा माणूस तुमच्या गल्ल्यावर आला तर पंप देऊन मोकळे होऊ नका, डॉक्टरकडे पाठवा. आम्ही टाळ्या वाजवल्या. जेवणात बासुंदी होती. घरी येऊन मी वैशालीला हे सगळं भाषण, बासुंदीसकट, सांगितलं. ती म्हणाली, "मग तुमचा तो कोईमतूरवाला?" मी म्हणालो, "बघू, आला की बोलतो."

दिवाळीला सर्जेराव आला, ढीग पडला. मी बोललो. म्हणालो, "कसं काय, सर्जेराव, तब्येत?" तो म्हणाला, "फस्क्लास." मी डझन बांधून दिले. त्याच्या पुढच्या दिवाळीलाही दिले आणि त्याच्याही पुढच्या. मनात यायचं, नाही म्हटलं तर चिडेल, दुसऱ्या दुकानात जाईल, वीस वर्षांचं गिऱ्हाईक तुटेल. आणि एवढा तगडा माणूस, त्याला काय होतंय? असं स्वतःला समजवण्यात मी दरवर्षी पाच मिनिटं घालवत होतो. गिऱ्हाइकाला समजवायलाही तेवढीच लागतात.

तीन वर्षांपूर्वीची दिवाळी. समोर नवा दवाखाना झाला होता. डॉक्टर अस्मिता, मूळच्या वडूजच्या. वय तिशीच्या आत, वजन पन्नासाच्या आत. त्या माझ्याकडे इंजेक्शनं न्यायला आल्या होत्या, वैशाली सुट्टी म्हणून गल्ल्यावर होती, आणि सर्जेरावने पिशवी उलटी केली.

डॉक्टर एकेक पंप बोटाने बाजूला करत मोजू लागल्या. तेरा.

"हे कोणाकोणाचे?"

"कोनाकोनाचं म्हंजी? माजंच."

"किती दिवसांचे?"

"वर्साचं. पैलं धा लागायचं, आता त्येरा व्हत्यात. डझनावरचा तिकडं घेतो."

त्यांनी सर्जेरावकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "काका, हे तुम्ही देता?"

आणि मी, सांगलीची बासुंदी खाऊन आलेला, म्हणालो, "आमचं जुनं गिऱ्हाईक आहे."

मागून वैशालीने खोकल्यासारखं केलं. तिला दमा नाही.

डॉक्टर सर्जेरावला दवाखान्यात घेऊन गेल्या. मीही गेलो, जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी एक नळी काढली, तिच्यात काटा सरकतो. पूर्ण श्वास घेऊन जोरात फुंकायचं, जोर किती ते काट्यावर कळतं. सर्जेरावने बाह्या सरसावल्या. मला डोळा मारला. त्याने छाती भरली, फुंकलं, आणि काटा निम्म्यावर थांबला. म्हणाला, "काटा जाम हाय." डॉक्टरांनी तोटी बदलली आणि स्वतः फुंकून दाखवलं. काटा त्याच्या कितीतरी पुढे गेला. सर्जेराव त्या काट्याकडे बघत राहिला. आखाड्यात चीत झाल्यावरही त्याचा असा चेहरा झाला नसेल.

"दादा," डॉक्टर म्हणाल्या, "भट्टीच्या खोलीत धूर झाला, तुम्ही खिडकी उघडली, धूर गेला. भट्टी विझली का?"

"न्हाई. ती कशी इजंल?"

"निळा पंप म्हणजे खिडकी. तुम्ही वर्षभर नुसती खिडकी उघडताय."

मग त्यांनी त्याला जोडपंप लिहून दिला. सकाळी एक दाब, संध्याकाळी एक, आणि मध्ये दम लागला तर तोच आणखी एक, दिवसात जास्तीत जास्त किती तेही कागदावर मोठ्या अक्षरांत. मी विचारलं, गुरुजींसारखा तपकिरी का नाही? त्या म्हणाल्या, नेमाने रोज घेणाऱ्याला तो उत्तमच. पण हे दादा बरं वाटलं की सोडणारे दिसतात. तपकिरी सोडला की हाती नुसता निळा उरतो. जोडपंप असला तर दम लागल्यावर घाईत जो ओढतील, त्यातच सुजेचंही औषध जाईल. दमा अगदी सौम्य असेल तर काहींना तो नुसता लागेल तसाही पुरतो, पण यांची वेळ त्याच्या पुढे गेलीय. आणि वाफेपासून तोंड वाचवा, तेजाबाचं काम दाराबाहेर किंवा पंख्यापुढे करा, हेही सांगितलं. वीस वर्षं गल्ल्यावर बसून जे मला इतक्या सरळ सांगता आलं नव्हतं, ते त्या मुलीने दहा मिनिटांत सांगितलं. मला जरासा रागही आला. खरं ते लिहावं.

दुकानात परत आल्यावर सर्जेरावने ती नवी चिठ्ठी गल्ल्यावर ठेवली, आणि वर जुनी ठेवली.

"मालक, डॉक्टरीनबाई हुशार हाईत. पर मला माझं डझन द्या."

"अहो, त्यांनी नवीन दिलाय ना."

"सकाळ-संध्याकाळ वडायला मला काय जन्माचा रोग हाय का? आन त्यात ष्टेराइड हाय. माज्या चुलतभावाचं त्वांड भोपळ्यावानी सुजलं हुतं."

"ते गोळ्यांनी. यात अगदी कणभर असतं, आणि जिथं पाहिजे तिथंच जातं."

"नगं मला कन. निळं द्या."

आता खरं बोलायची वेळ होती. मी काय बोललो? म्हणालो, "निळे संपलेत."

सर्जेरावने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. मागच्या फळीवर निळ्या खोक्यांची रांग होती. मीच सकाळी लावलेली, ओळीत, नावं समोर करून.

"मग त्ये काय हाय? रांगोळी?"

वैशालीने तोंडावर पदर धरला. मी म्हणालो, "सर्जेराव, आहेत, पण देणार नाही."

"वीस वर्सं तुमच्याच दारात येतोय. आन तुमी मला खोटं बोलताय?" त्याने दोन्ही चिठ्ठ्या उचलल्या. "गावात काय येकच मेडिकल हाय व्हय?" आणि गेला. रिकाम्या पंपांचा ढीग तसाच गल्ल्यावर राहिला.

दुसऱ्या दिवशी चारला त्यांची ट्रॅव्हल्स होती. मी दुपारी जेवायला बसलो, जेवण गेलं नाही. दुसऱ्या दुकानातून डझन घेतलेच असणार. पुढच्या वर्षी पंधरा लागतील, किंवा मग एकही लागणार नाही. हे 'एकही नाही' मनात आलं आणि मी ताटावरून उठलो. दुकानातून जोडपंप घेतला, स्पेसर घेतला आणि स्टँडकडे निघालो. वैशालीने कुठे ते विचारलं नाही. फक्त म्हणाली, "टोपण लावून पंप दाबू नका."

ट्रॅव्हल्सवर सामान चढत होतं. शेंगांची पोती, चिवड्याचे डबे, बाजरीचं पीठ. आत सगळी गलाईवाली मंडळी, कोईमतूर, सेलम, मदुरै. सर्जेराव चौथ्या रांगेत खिडकीशी, शेजारी त्याची बायको मालनवहिनी. मला बघून त्याने मान खिडकीकडे वळवली.

"सर्जेराव, हे घ्या. कालच्या चिठ्ठीवरचं आहे."

"मला काय बी नगं. मी बरा हाय."

"बरं हाईत!" मालनवहिनी एकदम उसळल्या. मी त्यांचा आवाज तोवर ऐकलाच नव्हता. "भावजी, तुमास्नी म्हनून सांगते, दोन वर्सं झाली हे आडवं झोपल्यालं न्हाईत. पाठीला तीन उशा लावून बसूनच डोळं मिटायचं. मी कुनाला सांगायचं न्हाई म्हनून माझ्या गळ्याची आन घातलीया."

"गप गं, गाडीत सगळी ऐकत्यात."

"ऐकू द्यात की! ह्यांच्यातलं निम्मं बी तसंच झोपत्यात, मला काय ठावं न्हाई व्हय?"

मागून कोणीतरी खोकलं, आणि खोकून झाल्यावर म्हणालं, "सर्जा, बघ तर वडून. आमाला बी बघू दे."

मी ट्रॅव्हल्सच्या मधल्या वाटेत उभा राहिलो आणि सांगू लागलो. पंप हलवा. टोपण काढा. आधी श्वास पूर्ण बाहेर सोडा. नळी ओठांत घट्ट. एकदा दाबा, आणि हळूहळू ओढा, हिसका नाही. सर्जेराव स्पेसरकडे बघून म्हणाला, "ही पोराची दुधाची बाटली मी गाडीत तोंडात धरू?" मालनवहिनी म्हणाल्या, "धरा. पोरावानीच वागताय."

त्याने धरली. दाबलं. ओढलं.

"आता श्वास आत ठेवून दहापर्यंत मोजा."

त्याने हाताने विचारलं, कसं मोजू? तोंड तर बंद. मागून एकजण ओरडला, "आमी मोजतो!" आणि अख्खी गाडी, तमिळमध्ये, सुरू झाली. ओण्णु, रेंडु, मूणु. धंद्यात रोज त्याच भाषेत तोळे मोजणारी माणसं, त्यांना तीच सवय. 'पत्तु' ला सर्जेरावने श्वास सोडला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यालाही हसू आलं. "काय बी झालं न्हाई मला," तो म्हणाला, "तुमच्या समाधानासाठी ठेवतो." मी म्हणालो, ठेवा, आणि चूळ भरा. त्याने खिडकीतून चूळ टाकली. नेमका मी उतरून खिडकीखाली आलो होतो.

मधल्या वर्षात चार फोन झाले. पहिला जानेवारीत: "मालक, त्यो पंप संपला. इथं ह्या नावाचा गावला, घिऊ का?" मी म्हणालो, घ्या, पण एकदा तिथल्या डॉक्टरला चिठ्ठी दाखवा. दुसरा मे महिन्यात, मालनवहिनींचा: बरं वाटतंय म्हणून बंद केलंय ह्यांनी. तिसरा त्यानंतर पंधरा दिवसांनी, सर्जेरावचा स्वतःचा. खोलीतला पंखा बंद पडला होता, तेजाबाची वाफ कोंडली आणि दम लागला. जोडपंप ओढला, पण तेवढ्याने भागलं नाही म्हणून दवाखान्यात गेला, दोन दिवस राहिला. "बंद केलं हुतं त्यो माजा गाढवपना," म्हणाला. मी म्हणालो, गाढवपणात तुम्ही एकटे नाही. त्याला ते कळलं नाही, मीही पुढे सांगितलं नाही. चौथा फोन भट्टी गच्चीवर नेल्याचा.

पुढच्या दिवाळीला तो दुकानात आलाच नाही. परत जायचा आदला दिवस आला, संध्याकाळ झाली. मी तीनदा रस्त्यावर जाऊन बघून आलो. दिवे लागायच्या वेळी दुकान बंद करून घरी आलो, तोच बेल वाजली. दारात सर्जेराव आणि मालनवहिनी. हातात कापडी पिशवी नव्हती. म्हैसूरपाकाचा मोठा डबा होता.

"ढीग कुठंय?" मी विचारलं.

त्याने खिशातून एकच निळा पंप काढला, कधीकाळचा, अर्धा भरलेला. "ह्यो तेवढा ऱ्हायलाय. ह्यो तुमी ठेवा."

डॉक्टर अस्मितांकडे जाऊन आला होता. काटा निम्म्याच्या बराच पुढे गेला म्हणे. "डॉक्टरीनबाईंच्या म्होरं न्हाई गेला अजून," त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. मग म्हणाला, "वैनी, जरा बाजूला व्हा," आणि आमच्या दिवाणावर, लोड बाजूला सारून, पाठीवर सपाट आडवा झाला. हात पोटावर. छताकडे बघत चांगली पाच मिनिटं पडून राहिला. मालनवहिनी त्याच्याकडे बघत होत्या आणि डोळ्यांना पदर लावत होत्या. छाती वर-खाली होत होती, आवाज नव्हता.

उठला आणि माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला वरच्यावर धरलं. "मालक," म्हणाला, "त्या दिवशी तुमी गाडीत आला नसता तर मी गेलोच असतो. जीव वाचीवला तुमी माजा."

मी म्हणालो, "छे छे, आमचं कामच आहे ते." या वाक्यावर चेहरा किती नम्र ठेवायचा याचा मला चांगला सराव आहे.

ते गेले. मी दार लावून आत आलो, दिवाणावर बसलो, म्हैसूरपाकाचा डबा मांडीवर घेतला आणि वैशालीला म्हणालो, "बघितलंस? माणसाचा जीव वाचवणं म्हणजे काय असतं?" आणि झाकणाला हात घातला.

ती समोर येऊन बसली. डबा माझ्या मांडीवरून उचलून तिने स्वतःच्या मांडीवर घेतला.

"तुम्ही स्टँडवर गेलात ते चांगलंच केलंत. पण सांगलीहून आल्यावर मला जे सांगितलंत, ते त्याला कधी सांगितलंत का? त्यानंतरही तीन दिवाळ्या तुम्ही त्याला डझनाने देत होतात, जाणूनबुजून, हे सांगितलंत?"

मी बाजूला सारलेला लोड उचलून जागेवर ठेवला.

"उद्या त्यांची गाडी चारला आहे," ती म्हणाली. "सकाळी दोघांना फराळाला बोलवा आणि सांगा. तोवर हा डबा माझ्या कपाटात राहील. ऐकून घेतल्यावरही त्याने 'खा' म्हटलं, तर मी स्वतः तुम्हाला वाढीन."